नोकरी देणाऱ्याच्या खुर्चीतून

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला 'नोकरी कशी मिळवावी' या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही तिघेही याच वस्तीतले. दोघांनी एमआयडीसीतल्या कारखान्यांत भरतीचे काम केले, तिसरीने माणसे पुरविणाऱ्या एजन्सीत. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा टेबलाच्या पलीकडे काय चालते ते सांगावे, असे आम्ही ठरविले. त्यात आमच्या हातून झालेली एक चूकही आहे. तीही सांगणार आहोत.

पहिली गोष्ट अशी की, जाहिरात निघते तेव्हा पुष्कळदा जागा जवळजवळ भरलेली असते. माणूस कमी पडला की साहेब आधी सुपरवायझरला विचारतो, "तुझ्या ओळखीत कोणी आहे का?" सुपरवायझर भाच्याचे नाव सांगतो, शेजाऱ्याच्या मुलाचे सांगतो. कित्येक कंपन्यांत तर असा माणूस आणून देणाऱ्याला बक्षीसही मिळते. दरवेळी यात कारस्थान असते असे नाही. ओळखीचा माणूस टिकेल, एवढाच साधा हिशेब असतो. पण ज्यांचे मामा-काका त्या कारखान्यात कधी नव्हतेच, त्यांच्या घरापर्यंत ही बातमी पोचणार कशी?

हे आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या गावी नोकरदारांना विचारले, तुम्हाला नोकरी लागली कशी? त्यांचे पुस्तक १९७४ साली निघाले. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतूनच लागली होती. आणि ती ओळख बहुतेकदा रोजच्या उठण्याबसण्यातली नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्या माणसाची होती. विचार केला तर पटते. घरच्या माणसाला जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊकच असते. नवी बातमी आणतो तो लांबचा माणूस.

दुसरी गोष्ट नावाची. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकरीच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नाव-आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली.

हा आकडा वाचून आम्हाला आश्चर्य वाटले नाही. आमच्यापैकी एकाला एका कारखान्यात साहेबाने सांगितले होते, "अमुक वस्तीचे पत्ते बाजूला ठेवत जा." ती वस्ती म्हणजे आपलीच वस्ती. नोकरी नवी होती, घरी कर्जाचे हप्ते होते. काही महिने ते अर्ज खरोखरच बाजूला ठेवले गेले. त्यात आज इथे बसलेल्या कुणाचा अर्ज असेलही. विहारात उभे राहून हे सांगताना आमची मान खाली जाते. पण सांगितले नाही, तर तुमची मुले समजत राहतील की कमीपणा आपल्यातच आहे.

मग अर्ज करायचाच नाही का? करायचा, आणि नीट करायचा. एका अर्जावर आमची नजर अर्धा मिनिटही थांबत नसे. वरच्या चार ओळींत शिक्षण, येत असलेले काम आणि चालू मोबाईल नंबर दिसला पाहिजे. निवड झालेल्या मुलाला फोन लावावा तर नंबर बंद, असे आम्ही कितीदा पाहिले! दुकानातून टाईप करून आणलेले एकसारखे अर्ज तर लगेच ओळखू येतात.

एका मुलीला आम्ही विचारले, "अनुभव आहे का?" ती म्हणाली, "नाही." बोलता बोलता कळले की आईच्या बचत गटाचा हिशेब ती तीन वर्षे लिहीत होती. बँकेतही तीच जायची. अहो, हा अनुभव नाही तर काय? वडिलांचे काम विचारले की मुले चाचरतात. वडील हमाल असोत, सफाई कामगार असोत, मान वर करून सांगा. आणि जे काम येत नाही, ते येते म्हणून सांगू नका. पहिल्याच दिवशी मशीनवर ते उघडे पडते.

आणखी एक. नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, मग तो आपल्यातला असो की बाहेरचा. परदेशी नोकरीच्या एजंटाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. आईचे मंगळसूत्र मोडण्याआधी तेवढे तपासा.

आता मूळ मुद्दा. खाजगी नोकरीत आरक्षण नाही, आणि बाहेरच्यांसारखी पिढीजात ओळखही आपल्याकडे नाही. पण या विहारात दर रविवारी कितीजण जमतात ते पाहा. कोणी दवाखान्यात, कोणी बँकेत, कोणी गोदामात, कोणी सिक्युरिटीत. प्रत्येकाला आपल्या ठिकाणची बातमी असते आणि ती तिथेच राहते. आपण रोज एकमेकांना जयभीम घालतो, पण समोरचा नेमके काम काय करतो हे विचारत नाही.

म्हणून आमची विनंती आहे. विहारात एक वही ठेवा. रविवारच्या वंदनेनंतर ज्याला जागेची बातमी असेल त्याने ती वहीत लिहावी. ज्याला काम हवे त्याने आपले शिक्षण आणि फोन नंबर लिहावा. महिन्यातून एका रविवारी आम्ही तिघे इथे बसू, मुलामुलींचे अर्ज तपासू, मुलाखतीचा सराव घेऊ. पैसे नाहीत, हारतुरे नाहीत. ज्याला नोकरी लागेल त्याने वर्षभरात दुसऱ्या एकाची तरी बातमी वहीत आणून लिहायची, एवढीच अट.

ज्या हातांनी काही अर्ज बाजूला ठेवले, त्याच हातांनी आता तुमचे अर्ज नीट करून द्यावेत, अशी आमची इच्छा आहे.