सावधान, विश्राम आणि आराम से
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘ताणमुक्त जीवन’ असा विषय आणि बारा मिनिटं दिली आहेत. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा विषय देणं म्हणजे उपासाच्या दिवशी वडापाव खाणाऱ्याकडून एकादशीचं महत्त्व ऐकण्यासारखं आहे. तरी मी हो म्हटलं. कारण एक गोष्ट मला तुम्हा सगळ्यांसमोरच सांगायची होती. ती थोड्या वेळाने.

कवायतीचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुमचं ‘एक साथ सावधान’ अजून माझ्या पाठीत आहे. पोट आत, छाती पुढे, हनुवटी वर, मुठी बंद. मग ‘विश्राम’. पण विश्राममध्ये आपण काय करायचो आठवा. पाय फाकवायचे, हात मागे बांधायचे, बाकी ताठपणा तसाच. हललं की छडी. अंग खरोखर सैल सोडायची ऑर्डर तिसरीच होती, ‘आराम से’, आणि ती २६ जानेवारीच्या तालमीत अर्ध्या तासाने एकदा मिळायची. पुढे माझं आयुष्य त्याच शिस्तीत गेलं. कामावर सावधान, रजेवर विश्राम. तिसरी ऑर्डर द्यायला कुणी नव्हतं.

२०१८ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होतो. बायको पुण्यात, मुलगी नोकरीला बाहेर, आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत. मार्च एंड, वसुली, ऑडिट, हे सगळं नेहमीचंच होतं, त्याचं कौतुक सांगत नाही. नेहमीचं नव्हतं ते हे, की पहाटे तीनला जाग यायची आणि छातीत धस्स व्हायचं. काही झालेलं नसायचं. सकाळी शाखेसमोर स्कूटर लावून मी तिच्यावरच बसून राहायचो, कधी वीस मिनिटं, कधी जास्त. शिपायाला वाटायचं साहेब फोनवर आहेत. फोन खिशात असायचा. पुढे पुढे भीतीही गेली आणि नुसतं रिकामं वाटायला लागलं. मुलीचा फोन आला तरी उचलावासा वाटेना. आमरस समोर आला तरी चमचा उचलेना, यावरून माझी अवस्था तुमच्या लक्षात येईल.

माझा आजार पहिल्यांदा पकडला तो दाताच्या डॉक्टरने. दाढ दुखते म्हणून गेलो होतो. तो म्हणाला, “काका, झोपेत दात खाता का? दाढा झिजल्यात पार.” लहानपणी मी झोपेत दात खायचो तेव्हा आई म्हणायची जंत झालेत, आणि एरंडेल पाजायची. या पोराने एरंडेल दिलं नाही. विचारलं, “झोप कशी आहे? काही टेन्शन?” मी म्हटलं, “छे, काही नाही.” म्हणताना माझा जबडा घट्ट मिटलेला होता, हे त्याला दिसत होतं, मला नाही.

आपल्या भाषेला हे सगळं आधीपासून माहीत आहे, फक्त आपण ते म्हणी-वाक्प्रचारांच्या पाच मार्कांत संपवलं. भीतीने पोटात गोळा येतो. काळजीने जीव टांगणीला लागतो. राग आला की आपण दात-ओठ खातो, दुःख झालं की आवंढा गिळतो, धीर सुटला की हातपाय गळतात. एकही भावना मराठीत अंगाला सोडून राहत नाही. आणि थकलेल्या माणसाला आपल्या आज्या काय म्हणायच्या? “जरा अंग टाक.” मला मात्र बावन्नाव्या वर्षी अंग टाकायची शिकवणी लावावी लागली.

आता ती गोष्ट. आपल्या वर्गातल्या एका मित्राने २००९ साली मला रात्री साडेअकराला फोन केला होता. तो आज या हॉलमध्ये आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही. तो म्हणाला, “काही सुचत नाही रे. सगळं नको वाटतंय.” आणि मी, वर्गातला हुशार मुलगा, त्याला म्हणालो, “असं काय करतोस? मन घट्ट कर.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. मी कूस बदलून झोपलो. त्याचं मन आधीच इतकं आवळलेलं होतं की श्वास मावत नव्हता, आणि मी त्याला अजून एक वेढा द्यायला सांगितला. तो वाचला तो त्याच्या बहिणीमुळे आणि वेळेवर गाठलेल्या डॉक्टरमुळे. माझ्यामुळे नाही.

नऊ वर्षांनी माझी अवस्था माझ्या बायकोने त्याच्या कानावर घातली. तो दुसऱ्या दिवशी एसटीने माझ्या त्या दोन खोल्यांत हजर. मला वाटलं, आता हा उपदेश करणार. त्याने चहा केला, समोर बसला आणि म्हणाला, “खांदे खाली घे.” मी म्हटलं, “खालीच आहेत.” त्याने उठून माझ्या खांद्यांवर नुसते हात ठेवले, आणि खांदे दोन बोटं खाली आले. कानांना भिडवून मी ते किती महिने वागवत होतो कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी तो मला जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला.

औषधं सुरू झाली. ती घ्यावी लागली, आणि त्यात मला काडीची लाज वाटत नाही. रक्तदाबाची गोळी आपण पाहुण्यांसमोर घेतो, ही मात्र देवघराच्या फडताळात लपवतो. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात, एवढं लक्षात ठेवा. गोळीबरोबर डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी पहिल्या दिवशी माझं बालपण वगैरे काही विचारलं नाही. म्हणाल्या, “उजवी मूठ आवळा.”

चला, सगळेच आवळा. सरांनीही. पाच-सात सेकंद, दुखेल इतकी नाही. मनगटापासून कोपरापर्यंत काय होतंय ते बघा. आता सोडा. हळूच उघडू नका, एकदम सोडा, आणि अर्धा मिनिट नुसतं त्या हाताकडे लक्ष द्या. जरा जड, जरा कोमट वाटतोय? बस, एवढंच. मग दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या.

मी बाईंना विचारलं, सैल व्हायचं तर आधी आवळायचं कशाला? त्या म्हणाल्या, तुम्हाला आवळलेलं कळतच नाही म्हणून. गिरणीशेजारी राहणाऱ्याला तिचा आवाज ऐकू येत नाही; लाईट जाऊन ती थांबली की कळतं किती घरघर चालली होती. ही युक्ती एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरची. त्याचं पुस्तक १९२९ सालचं. पुढे इतरांनी त्याची लांबलचक पद्धत आटोपशीर केली. माणसाने हात उचलण्याची नुसती कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत बारीकसा विद्युतप्रवाह उमटतो, हे त्याने उपकरणांनी मोजलं होतं. ते वाचून मला माझ्या पहाटेच्या तीनचा उलगडा झाला. मी अंथरुणात पडून ऑडिटरशी भांडत होतो आणि अंग खरोखर भांडणाच्या पवित्र्यात उभं होतं.

आणि हे काही साहेबाचंच ज्ञान नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं, १९६९ साली ते छापून आलं. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. तो अभ्यास रक्तदाबाचा होता, नैराश्याचा नाही, हेही सांगून ठेवतो. नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर माझ्या नावाने भलतंच फिरेल.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मी डोळे मिटून पडलो की घाबरायचो. काही जणांचं असं होतं. इतकी वर्षं पहारा केलेल्या माणसाला पहारा सोडायची भीती वाटते. बाईंनी मग मला खुर्चीत, डोळे उघडे ठेवून करायला लावलं. श्वास चार आकड्यांत घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. तेवढं जमलं, मग पुढचं.

तिसऱ्या आठवड्यात जबडा सैल सोडताना मला रडू फुटलं. बाईंच्या समोर, हमसून. वडील २०१६ साली गेले. मोठा मुलगा म्हणून मी लाकडांपासून तेराव्याच्या आचाऱ्यापर्यंत सगळं चोख केलं होतं. लोक म्हणाले, किती खंबीर आहे. त्या चोखपणात रडायचं राहून गेलं होतं. स्नायूंत अश्रू साठतात असं मी म्हणणार नाही. पण गिळलेला आवंढा धरून ठेवायला जोर लागतो, आणि मी दोन वर्षं तो लावत होतो.

पुढे बाईंनी लिहायला सांगितलं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आहे: रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, मनाला लागलेलं न थांबता लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. मी दोनशे पानी वही आणली. मराठीच्या बाईंनी ती पाहिली असती तर ऱ्हस्व-दीर्घावरच नापास केलं असतं. चौथ्या दिवशी मात्र वडिलांशी भांडण होतं ते कागदावर आलं. काय भांडण, ते वहीतच राहू दे.

सगळं छान झालं असं नाही. २०२१ साली पुन्हा दोन महिने खाली गेलो. फरक इतकाच की या वेळी दाताच्या डॉक्टरची गरज पडली नाही, जबड्यावरून मलाच आधी कळलं. नैराश्यात माणसाला मूठ आवळायलाही उठवत नाही, तेव्हा हे व्यायाम कामाचे नसतात. तेव्हा डॉक्टर लागतो आणि शेजारी बसणारा माणूस लागतो. जवळ कुणी नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे, १४४१६ हा नंबर, रात्री-बेरात्रीही, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका.

आपण सगळे आता साठीला टेकलोय. कुणी निवृत्त झालंय, कुणाची मुलं परदेशी आहेत, दोघी-तिघींचे जोडीदार गेलेत. मघाशी ओळख करून देताना प्रत्येक जण “मस्त चाललंय” म्हणाला. मीही म्हणालो.

जेवणाची वर्दी आली आहे, म्हणून थांबतो. जेवण झाल्यावर मी आणि तो मित्र जुन्या प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसणार आहोत. ज्याला यायचं त्याने यावं, बोललंच पाहिजे असं नाही. नंतर वाटलं तर माझा नंबर यादीत आहे. रात्री साडेअकरालाही उचलीन.