सुटीत मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?



एप्रिलची अखेर आली की शाळेत एक ठरलेले काम असते. निकालपत्रके लिहून झाली, दप्तर आवरले, की हेडमास्तर पुस्तकांचे कपाट उघडतात, पुस्तके मोजून घेतात, कुलूप घालतात आणि किल्ली घरी नेतात. ती किल्ली परत येते जूनच्या मध्यावर. विदर्भात तर आणखी थोडी उशिरा. म्हणजे पाहा, ज्या दिवसांत मुलांना वाचायला सर्वांत अधिक सवड, नेमक्या त्याच दिवसांत गावातली पुस्तके बंदिवासात! मी स्वतः अशी कपाटे पुष्कळ वर्षे बंद केली आहेत. तेव्हा हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही.

कुलूप घालणाऱ्याची अडचण खरी असते. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करायची, हा प्रश्न असतोच. पण कुलूप घातल्याने जे हरवते, ते कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. दुसरी-तिसरीतले मूल नुकतेच कुठे वाचू लागलेले असते. जुवाला नवा जुंपलेला गोऱ्हा दीड महिना मोकळा सोडला, तर पेरणीच्या वेळी काय होते, ते शेतकरी श्रोत्यांना मी सांगायला नको. जूनमध्ये तेच मूल जोडाक्षरापाशी अडखळते आणि आपण म्हणतो, ‘सुटीत सगळं विसरून आलं.’ ज्या घरात वर्तमानपत्र येते, चार पुस्तके असतात, तिथे हे विसरणे फारसे जाणवत नाही. ज्या घरात छापील कागद म्हणजे फक्त पंचांग आणि खताचे पोते, तिथे ते पुरते जाणवते.

तर सुटीत मुलाच्या हाती पुस्तक असावे, हे ठरले. पण कोणते? इथे मी माझीच एक चूक सांगतो.

सहावीतला एक मुलगा धावण्याच्या शर्यतीत पहिला आला. बक्षीस निवडायचे काम माझ्याकडे होते. मी चांगले जाडजूड, पक्क्या बांधणीचे एका थोर पुरुषाचे चरित्र निवडले. मुलाने ते दोन्ही हातांनी घेतले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात मतदारयादीच्या कामासाठी मी त्याच्या वस्तीवर गेलो. चरित्र खाकी कव्हर घालून देवाच्या फळीवर ठेवलेले होते, हळदीकुंकवासकट! आणि आमचे वीर गोठ्यामागे बाजेवर बसून आपल्या दुसरीतल्या बहिणीचे चित्रांचे पुस्तक वाचत होते. मला पाहताच त्याने ते गोधडीखाली सारले. चेहरा असा, की जणू चोरी पकडली.

मी सहज म्हणून त्या चरित्राचे पहिले पान त्याला वाचायला सांगितले. दर ओळीला तो थांबत होता. वर्षभर हा मुलगा माझ्या वर्गात होता. वर्गात सगळे एका सुरात वाचत, त्यांत त्याचाही सूर मिसळलेला असे, आणि मला वाटे, वाचतो आहे. बक्षीस त्याला मिळाले, पण परीक्षा माझी झाली, आणि तीत मी नापास झालो.

मी त्याला म्हटले, ‘बाळ, बहिणीला रोज एक गोष्ट वाचून दाखव. ती लहान आहे, तिला जमत नाही.’ एवढ्यानेच त्याची लाज झाकली गेली. मोठ्या मुलाला सोपे पुस्तक वाचायला निमित्त लागते, बरं का. धाकटे भावंड हे सर्वांत चांगले निमित्त. शाळा उघडली तेव्हा त्याची पाच पातळ पुस्तके वाचून झाली होती. जाड चरित्राचे पुढे काय झाले, ते मी विचारले नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की पुस्तक मुलाच्या इयत्तेला द्यायचे नसते, वयालाही नुसते द्यायचे नसते. त्याच्या आजच्या वाचण्याला द्यायचे असते. हे ओळखायची एक सोपी रीत आहे. पुस्तकाचे मधलेच एखादे पान मुलाला वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट मिटावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक आज त्याने एकट्याने वाचायचे नव्हे. ते आपण वाचून दाखवायचे. एक-दोन बोटे मिटली, तर खुशाल हाती द्या. एकही मिटले नाही, तरी द्या! सुटी आहे. सोपे वाचल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आता वयांकडे वळू. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, म्हणून पुस्तक नको, असे आपण धरून चालतो. पण हेच मूल चित्राकडे जेवढा वेळ पाहते, तेवढा वेळ आपण मोठी माणसे पाहत नाही. मोठे चित्र, खाली एक-दोन ओळी, आणि विषय घरातलाच, असे पुस्तक घ्यावे. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तके अशी आहेत; घरातली माणसे एवढाच त्यांचा पसारा. घरची बोली अहिराणी असो, वऱ्हाडी असो, गोंडी असो, चित्र दाखवीत आपल्या बोलीतच गोष्ट सांगावी. छापलेल्या ओळीला चिकटून राहायची गरज नाही. आजीला अक्षर येत नसले, तरी हे काम आजीइतके चांगले कोणी करीत नाही.

सहा ते आठ हे अक्षरांशी झटापटीचे वय. टाइप मोठा हवा, वाक्य आखूड हवे, जोडाक्षरे बेताची हवीत. या वयाला कविता फार उपयोगी पडते, याचे कारण साधे आहे. यमक पुढचा शब्द सुचवते. अडखळणारे मूल तालाच्या जोरावर ओळ पार करते आणि त्याला वाटते, आपण वाचले. विंदा करंदीकरांनी मोठ्यांसाठी जेवढ्या ताकदीने लिहिले, तेवढ्याच ताकदीने लहानांसाठीही लिहिले. ‘राणीची बाग’सारखा त्यांचा संग्रह मिळाला, तर घरातली मोठी माणसेही तो खाली ठेवणार नाहीत.

नऊ ते अकरा हे खरे भुकेचे वय. आणि याच वयात आपण मुलांच्या ताटात नको ते वाढतो. ‘काहीतरी उपयोगाचे वाच’ म्हणतो. या वयाला साहस हवे, खोड्या हव्यात, आणि एकाच नायकाची दहा पुस्तके हवीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. सायकलवर बसला की पानामागून पान पळते. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि त्यांचीच ‘चिंगी’ जुनी झाली, तरी त्यांतली मुले अजून जिवंत आहेत. मात्र एक सांगून ठेवतो. या जुन्या पुस्तकांतले घर पुष्कळदा शहरातले, पांढरपेशे असते. आपल्या मुलाला त्यात ना आपली वस्ती दिसते, ना आपले बोलणे. पहिली दहा पाने शेजारी बसून वाचावीत, दोन शब्द समजावून द्यावेत. मग ते मूल आपले आपण पुढे जाते. ‘किशोर’ मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केले. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. घरात मोबाइल असेल, तर तो अर्धा तास या कामी लावावा. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टीही मोफत ठेवल्या आहेत, आणि त्या सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्यांनी लावलेल्या आहेत. आमच्या वेळी ही सोय असती, तर मी ते जाड चरित्र दिले नसते!

बारा ते चौदाच्या मुलांना आपण लहान समजतो, आणि तीच मोठी चूक. शेतात ती मोठ्या माणसाचे काम करतात, मग पुस्तकात का नाही? व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. मेंढक्यांच्या वाडीवर आलेल्या एका तरुण मास्तराची गोष्ट. आपल्या दुष्काळी मुलखातले मूल ती वाचते, तेव्हा पुस्तकात आपलेही गाव असू शकते, हे त्याला पहिल्यांदा कळते. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’, वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ हीसुद्धा या वयाची. कार्व्हर हा गुलामीत जन्मलेला आणि मातीचा, पिकाचा शास्त्रज्ञ झालेला माणूस. शेतकऱ्याच्या घरात त्याचे चरित्र परके वाटत नाही. हे पुस्तक मुलाआधी बापानेच संपवल्याचे मी पाहिले आहे.

आणि ‘श्यामची आई’? ते कोणत्या वयाला, असे मला नेहमी विचारतात. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्री-रात्री आपल्या आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे ते पुस्तक मुळातच ऐकायचे आहे. आता हिशेब करा: सुटी सहा आठवड्यांची धरली, तर दिवस होतात बेचाळीस. जेवणे झाल्यावर अंगणात एकाने एक रात्र वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. त्यात पाच वर्षांचे पोरही बसेल आणि सत्तरीचा आजाही. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, तर त्यावर प्रवचन करू नये. तसेच चालू द्यावे.

एक गोष्ट मात्र कृपा करून टाळा. मुलाने पुस्तक मिटले रे मिटले, की ‘यातून काय बोध घेतलास?’ असे विचारू नका. जेवून उठलेल्याला आपण भाकरीचे तात्पर्य विचारतो का? फार तर ‘त्यातलं कोण आवडलं?’ एवढे विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तरी गप्प बसा. पुस्तक अर्धे टाकले, तर टाकू द्या. दुसरे द्या.

पुस्तके कुठून आणायची? राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि आज खेड्यापाड्यांतही मान्यताप्राप्त वाचनालये आहेत. बाजाराच्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन जा आणि निवड त्यालाच करू द्या. पण जिथे वाचनालय नाही, तिथे शाळेचे कपाट हाच एक आधार, आणि म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर तर पाठ्यपुस्तकांच्या पैशांतूनच वर्गाचे वाचनालय उभे करतो. तेवढे धाडस मी सांगत नाही. शेवटच्या आठवड्यात दर वस्तीसाठी दहा-बारा पुस्तकांची एक पिशवी करा. लहानांची चार, मधल्यांची पाच, मोठ्यांची दोन-तीन. सातवीतल्या एखाद्या मुलीकडे पिशवी आणि एक वही सोपवा. ती तुमच्याहून कडक हिशेब ठेवील. दर पंधरा दिवसांनी एका वस्तीची पिशवी दुसऱ्या वस्तीला जाऊ द्या. गहाळ व फाटक्या पुस्तकांची नोंद करून ती रीतसर कमी करता येतात. हेडमास्तरांनी हे पालकांच्या सभेत आधीच सांगून टाकावे, म्हणजे देणाऱ्याची भीती जाते आणि घेणाऱ्याचीही.

पहिल्या वर्षी मी साठ पुस्तके दिली. जूनमध्ये सत्तावन्न धड परत आली. दोन लग्नघरात हरवली आणि एक शेळीने खाल्ले. त्याची उरलेली अर्धी पाने एका मुलीने दोऱ्याने बांधून आणून दिली, आणि पुढे काय झाले, ते मला विचारले. मलाही आठवेना. मग आम्ही दुसरी प्रत मागवली.