आधी कागदावर जगलेली माणसं



अध्यक्षानं आपल्या भाषणात वर्षभराचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. आज मी ती बाजूला ठेवतो आणि एकाच माणसाबद्दल बोलतो. दिलीप प्रभावळकर. विनोदी मालिका लिहिणाऱ्या आणि त्यांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ज्या प्रश्नानं घेरलंय, त्याचं उत्तर मला त्यांच्या कारकिर्दीत दिसतं. प्रश्न साधा आहे. आपण इतकं हसवतो, तरी आपली पात्रं लोकांच्या घरात मुक्कामाला का राहत नाहीत?

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४चा. रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यांमध्ये त्यांनी सुरुवातीच्या काळात कामं केली. ‘अलबत्या गलबत्या’मधली त्यांची चेटकीण पाहिलेली मुलं आज आजी-आजोबा झाली आहेत आणि ती अजून त्या चेटकिणीबद्दल बोलतात. बालप्रेक्षकापुढे खोटेपणा चालत नाही. कंटाळा आला की मूल सरळ खुर्चीवरून उतरून चालू लागतं. ही परीक्षा दिलेला नट पुढे कॅमेऱ्यासमोर उगाच तोंड वेंगाडत नाही, असं माझं मत आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. चित्र कृष्णधवल, वाहिनी एकच. संच असलेल्या घरात शेजारपाजारची मंडळी येऊन बसायची. त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका आली आणि प्रभावळकरांचे चिमणराव, बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ महाराष्ट्राला मिळाले. चि. वि. जोशींनी ही जोडी कितीतरी वर्षं आधी लिहून ठेवली होती. चि. वि. हे बडोद्याचे, पाली भाषेचे अभ्यासक, संस्थानच्या दफ्तरखान्यात काम केलेले. इतका गंभीर माणूस असा निर्मळ विनोद लिहून गेला, आणि चिमणरावांचा भित्रेपणा त्यांनी एकदाही हिणवला नाही. पापभीरू, काळजीखोर, घाबरता घाबरता भलतंच धाडस करून बसणारा हा गृहस्थ वाचकांच्या मनात आधीच नांदत होता. अशा पात्राला चेहरा द्यायचा म्हणजे जोखीम, कारण प्रत्येकाच्या डोक्यातला चिमणराव वेगळा. प्रभावळकर तिशीत होते. त्यांनी मोठ्यानं काही केलं नाही. मान किंचित पुढे, डोळ्यांत कायमची धास्ती, वाक्य सुरू करताना आवाजात एक अडखळ. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं म्हणून नट हातवारे वाढवतो. दूरदर्शनच्या कॅमेऱ्याला पापणी हललेलीही पुरते. हे फार थोड्यांच्या लवकर लक्षात आलं, त्यांत ते होते.

या यशानं दुसरा एखादा नट जन्मभर चिमणरावच राहिला असता. प्रभावळकर तिथे अडकले नाहीत. ‘चौकट राजा’मधला नंदू, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू, २००६मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी आणि त्या वर्षाचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार, ही यादी तुम्हाला पाठ आहे. नंदू आणि तात्या विंचू हा एकच माणूस आहे, हे पहिल्यांदा कळलेल्या मुलाचा चेहरा आठवा. पण चित्रपटांवर मी आज थांबत नाही. त्यांच्यातल्या लेखकानं त्यांच्यातल्या नटाला कसं सांभाळलं, ते मला सांगायचं आहे.

ते सतत लिहीत राहिले. क्रिकेटवर लिहिलं, विडंबनं लिहिली, मुलांसाठी बोक्या सातबंडे लिहिला. बोक्याला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला. ‘हसवाफसवी’ हे नाटक स्वतः लिहून त्यात सहा भूमिका केल्या. या सहा जणांना वेशभूषेचे चमत्कार म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. प्रत्येकाला आपली बोली आहे, आपला इतिहास आहे, आपला अहंकार आहे. त्यात एक स्त्री आहे; ती साडी नेसलेल्या पुरुषाचा विनोद म्हणून येत नाही, स्वतःचं आयुष्य घेऊन येते. आणि कृष्णराव हेरंबकर हे संगीत रंगभूमीवरचे वृद्ध नट आले, की मगाशी खदखदून हसणारं नाट्यगृह शांत होतं. लोकांना हसवल्यावर त्याच बैठकीत त्यांचा गळा दाटून आणणं नुसत्या नकलेला जमत नाही. त्यासाठी तो माणूस आधी लिहावा लागतो.

आता टिपरे. ‘लोकसत्ता’त प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’ हे सदर येत असे. एक निवृत्त आजोबा घरात रोज घडणारं रोजनिशीत टिपतात, एवढाच त्याचा घाट. त्यावरून २००१मध्ये अल्फा मराठीवर केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली. आबा म्हणजे गंगाधर टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामल, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. घरात पाच माणसं. खलनायक नाही, कटकारस्थान नाही, बंदिस्त खोलीत फिरणारं रहस्य नाही. कुणीतरी एखादी वस्तू आणतं, कुणाची परीक्षा असते, कुणाला वाटतं आपल्याकडे कुणाचं लक्षच नाही, आणि तेवढ्यावर एक भाग उभा राहतो. साठीही न गाठलेले प्रभावळकर तरुण नातवंडांचे आजोबा झाले होते, तरी म्हातारपणाचं सोंग त्यात कुठेच नव्हतं. आबा ऐकून घेतात, थोडे रुसतात, नातवाच्या बाजूनं हळूच उभे राहतात.

ही मालिका का टिकली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. रोजनिशी लिहिणाऱ्याला घरातल्या प्रत्येकाची बाजू ठाऊक असते. शेखर चिडला तर तो का चिडला हे आबांना कळतं, श्यामल गप्प झाली तर तेही कळतं. त्यामुळे मालिकेत हसं कुणाचंच झालं नाही, प्रसंगाचं झालं. ही दृष्टी सदरातून आली. वर्तमानपत्राच्या वाचकासमोर आठवड्यामागून आठवडे ती माणसं जगली, त्यांचे स्वभाव ठरले, त्यांच्या खोड्या पक्क्या झाल्या आणि मग ती कॅमेऱ्यासमोर आली. चिमणरावही असेच आधी कागदावर जगले होते. आपल्या दूरचित्रवाणीच्या विनोदातल्या या दोन ठळक मालिका, दोन्ही एकाच नटाच्या, आणि दोन्ही पुस्तकाच्या-वर्तमानपत्राच्या पानावरून आलेल्या. याला मी योगायोग मानत नाही.

इथे जमलेल्या तरुण लेखकांची अडचण मला माहीत आहे. रोजचा भाग द्यायचा असतो. सकाळी संहिता, दुपारी चित्रीकरण. वाहिनीवरून निरोप येतो की हशा कमी पडतोय, अजून दोन पंच टाका. या घाईत पात्राला दोन लकबी आणि एक तकियाकलाम देऊन वेळ मारून नेली जाते. मी कुणाला दोष देत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण माझी कळकळीची विनंती आहे. मालिका सुरू होण्याआधी तुमच्या मुख्य पात्राची चाळीस-पन्नास पानं लिहून काढा, कुठेही न दाखवण्यासाठी. त्याची रोजनिशी लिहा, त्याच्या बायकोनं त्याच्याबद्दल बहिणीला लिहिलेलं पत्र लिहा, त्याच्या वाण्याकडच्या उधारीची वही लिहा. आणि निर्मात्यांनो, वाहिन्यांच्या अधिकाऱ्यांनो, त्या पानांचे पैसे लेखकाला द्या.

दुसरं मागणं जतनाचं. नाटकाची संहिता छापली जाते, सदराचं पुस्तक होतं. मालिकेची संहिता मात्र चित्रीकरण संपलं की रद्दीत जाते किंवा कुणाच्या तरी संगणकात पडून राहते. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात टेप महाग असत, एकीवर दुसरं चित्रित होई, आणि त्यात कितीतरी चांगलं काम पुसलं गेलं. आता साठवण स्वस्त झाली आहे, तरी आपण कागद सांभाळत नाही. विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी विनोदी मालिकांच्या संहिता मिळवाव्यात, अभ्यासाला लावाव्यात. निवडक भाग लेखकाच्या नावानिशी पुस्तकरूपानं यावेत. आणि लेखकाच्या करारात संहिता प्रसिद्ध करण्याचा हक्क त्याच्याकडे राहावा.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात संहितांच्या जतनाचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या मालिकांच्या संहितांचे गठ्ठे अजून असतील, त्या लेखकांनी अनुमोदनासाठी आपली नावं आज संध्याकाळपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत.