एथिलीनमधला नकोसा पाहुणा
दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन एथिलीन वायूपासून बनतं. पण कच्च्या तेलापासून मिळणारा नाफ्था तापवून एथिलीन मिळवताना त्यात साधारण 1 टक्का ॲसिटिलीनही येतं. ते पॉलिथिन बनवणारा उत्प्रेरक निकामी करतं, म्हणून त्याचं प्रमाण दहा लाखांत 5 भागांच्या आसपास किंवा त्याहून खाली आणावं लागतं. हे काम करतात ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर बसवलेले, काही नॅनोमीटर आकाराचे पॅलेडियमचे कण. ॲसिटिलीन त्यांना एथिलीनपेक्षा घट्ट चिकटतं, हायड्रोजन घेतं आणि एथिलीन होऊन सुटतं. एकटं पॅलेडियम मात्र उतावीळ. ते एथिलीनचंही ईथेन करून टाकतं. सोबत चांदी मिसळली की त्याला लगाम बसतो. थोडक्यात, नको असलेला घटक नुसता जात नाही, त्याचाच बराचसा उपयोगी माल होतो!