रिकाम्या जागेतलं पाणी

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. पदवी बी. ए.ची. शाळा सुटली तसा रसायनशास्त्राचाही हात सुटला. तरी आज मी रसायनशास्त्रावरच बोलणार आहे. कारण आहे पाण्याची घागर.

आमचं घर मराठवाड्यातलं. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. तेही रात्री-अपरात्री. गल्लीत कुणीतरी ओरडायचं, ‘पाणी आलं!’ की हंडे, कळशा, बादल्या, पातेली, हाताला येईल ते नळाखाली. दादी वजूचा तोटीचा बधना आधी भरून बाजूला ठेवायची. नदीकाठी बसला असलात तरी पाणी जपूनच वापरायचं, ही तिची शिकवण. माझी थोरली बहीण, आमची आपा, सातवीनंतर शाळेत गेली नाही. तिची शाळा कुणी बंद केली नाही. नळावरच्या पाळीने ती बंद झाली.

२०२५ साली रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा एका मानकऱ्याच्या बालपणाची हकीकत माझ्या वाचनात आली. नाव ओमर याघी. जन्म १९६५, जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरात. एका खोलीत डझनभर माणसं, आणि त्याच खोलीत घरची जनावरंही. वीज नाही. पाणी आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, काही तास. ‘पाणी येतंय’ अशी कुजबूज झाली की हा मुलगा मिळेल ते भांडं भरायला धावायचा. वाचता वाचता मला आमचीच गल्ली दिसू लागली.

दहा वर्षांचा असताना त्याला शाळेचं एरवी कुलूपबंद असणारं ग्रंथालय उघडं सापडलं. तो आत शिरला. एका पुस्तकात रेणूंची चित्रं होती. अर्थ कळला नाही, पण ती सुंदर आहेत एवढं कळलं. पंधराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला आणि शिकून रसायनशास्त्रज्ञ झाला. गंमत अशी, की त्याला रसायनशास्त्राकडे नेलं ते सौंदर्याने. पाण्याचा प्रश्न नंतर आला.

त्याच्यासोबत आणखी दोघांना नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियातले रिचर्ड रॉबसन आणि जपानचे सुसुमु कितागावा. रॉबसन १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात शिकवण्यासाठी लाकडी गोळ्यांचे रेणू करवून घेत होते. गोळा म्हणजे अणू. काडी बसवायला गोळ्याला कुठे भोक पाडायचं, हे त्यांना कारागिरांना सांगावं लागे. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की भोकं नेमक्या जागी असली की आकृती आपोआप नीट उभी राहते. मग खरे रेणूही असेच जुळवता येतील का? हा विचार दहा-पंधरा वर्षं त्यांच्या मनात मुरला. १९८९ साली त्यांनी तांब्याचे अणू आणि चार हातांचे रेणू जोडून केलेली रचना प्रसिद्ध केली. आत मोकळ्या पोकळ्या होत्या, पण ती ठिसूळ होती.

बांधकामाची परांची डोळ्यांसमोर आणा. जिथे बांबू बांधतात ते सांधे धातूचे, आणि बांबूंच्या जागी कार्बनी रेणू. मधली जागा रिकामी. या रिकामपणाचा उपयोग काय, असंच पुष्कळांना वाटे. कितागावांनी संशोधनासाठी मागितलेला पैसा नाकारला गेला. त्यांचा मात्र निरुपयोगी वाटणाऱ्या गोष्टींच्या उपयोगावर विश्वास होता. १९९७ साली त्यांनी अशी रचना केली, की तिच्या पोकळ्यांत वायू भरता येई, काढता येई, आणि ती मोडत नसे. १९९९ मध्ये याघी यांनी ‘मॉफ-५’ नावाचा पदार्थ केला. आतून रिकामा असतानाही तो ३०० अंश सेल्सियसला टिकतो. त्याच्या दोन-तीन ग्रॅम भुकटीच्या आतले सगळे पृष्ठभाग उलगडून अंथरले, तर फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल.

या रिकाम्या खोल्यांत कोणाला ठेवायचं, हे खोली कशी बांधली त्यावर ठरतं. कॅनडात अशा एका पदार्थाने सिमेंट कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून पाहिला आहे. उद्याचं इंधन म्हणून हायड्रोजन साठवण्यासाठीही प्रयत्न चालू आहेत. फ्रान्समध्ये २००६ साली संशोधकांनी त्यात आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध भरलं. ते प्रयोगशाळेत, शरीरातल्या द्रवासारख्या द्रवात, काही दिवस हळूहळू बाहेर येत राहिलं.

पण मी थांबलो तो पाण्यापाशी. वाळवंटातल्या हवेतही थोडी वाफ असतेच. रात्री ही भुकटी ती वाफ पोटात घेते. दिवसा उन्हाने तापली की सोडते, आणि वाफेचं पाणी होतं. २०१७ साली याघी आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या एव्हलिन वँग यांच्या गटांनी हे हवेत फक्त २० टक्के आर्द्रता असताना करून दाखवलं. पुढे अॅरिझोनाच्या वाळवंटात आणि नंतर डेथ व्हॅलीच्या रणरणत्या उन्हात चाचण्या झाल्या. वीज लागली नाही, ऊन पुरलं.

आता खरं तेही सांगितलं पाहिजे. डेथ व्हॅलीत मिळालं ते एक किलो भुकटीमागे दिवसाला पेला-दीड पेला पाणी. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते लाखो लिटर होतं. पेल्याने शहराची तहान भागत नाही. हा पदार्थ भरपूर आणि स्वस्तात करणं हेही मोठं काम आहे. म्हणून विहिरी, तळी, ओढे राखण्याचं आपलं काम चुकत नाही. कुणी तसं सांगू लागला तर विश्वास ठेवू नका.

पण रोजा सोडताना तोंडाशी येणारा पाण्याचा पहिला घोट आठवला, की पेल्याला मी कमी लेखू शकत नाही. आणि ज्याला या पाण्यासाठी टँकरवाल्याची मिनतवारी करावी लागणार नाही, त्याच्यासाठी तो पेला इज्जतीचाही आहे.

हे सारं मी फोनवर आपाला वाचून दाखवलं. आता तिची साठी उलटली आहे. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “भाई, या पाण्याला पाळी लावावी लागते का गं-बाई?” म्हटलं, “नाही आपा. ज्याच्या अंगणात ऊन, त्याचं पाणी.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे पोरी शाळेत जातील.”

श्रोतेहो, इतकी पुस्तकं चाळून मला जे सुचलं नाही, ते सातवी शिकलेल्या माझ्या बहिणीला एका वाक्यात सुचलं.