एक नग आणि साडेपाचशे नग

पुणे जिल्ह्यातल्या पिंपरी पेंढारमध्ये बंदुकीवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न बिबट्याचा येणार. रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याने तो विचारायलाच हवा. म्हणून तो आधी घेतो.

1959च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्यासाठी दोन वाटा बऱ्यापैकी मोकळ्या आहेत. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षणासाठी साध्या गुळगुळीत नळीची बंदूक. दुसरीची नळी मात्र किमान 20 इंच लांब हवी. त्याहून आखूड झाली की ही मोकळी वाट बंद होते. कारण उघड आहे: लांब नळी सदऱ्याखाली मावत नाही. राहिला बिबट्या. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवताना तो मारला गेला तर कायदा गुन्हा धरत नाही. त्याच्या मागावर बंदूक घेऊन निघालात तर मात्र धरतो.  

आजचा विषय आहे आखूड नळीचा, आणि ती नळी बनवणाऱ्या लहान कारखान्याचा. अर्धस्वयंचलित शस्त्रात चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप जागेवर येतं. पूर्ण स्वयंचलित शस्त्र चाप दाबून धरला तर थांबतच नाही. ही दुसरी जात फक्त सैन्य-पोलिसांची. तिचं आपल्या जिल्ह्यातलं ताजं उदाहरण म्हणजे 'अस्मी' ही मशीन पिस्तूल.

जानेवारी 2021मध्ये ती जाहीर झाली. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्यातल्या पाषाणची एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था यांनी मिळून ती चार महिन्यांत उभी केली. वरचा सांगाडा विमानाच्या प्रतीच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापासह काही भाग थ्रीडी प्रिंटिंगने काढलेले. 9 मिलिमीटरचं काडतूस, 8 इंचांची नळी, मॅगझिनमध्ये 33 गोळ्या, वजन 2.4 किलोच्या आत. पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसणारी स्टर्लिंग कार्बाइन रिकामीच 2.7 किलोच्या आसपास भरते. अस्मीचं उत्पादन गेलं हैदराबादच्या लोकेश मशीन्सकडे. ही कंपनी मुळात सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारी, यंत्रं बनवणारी. 2024मध्ये लष्कराच्या नॉर्दर्न कमांडने तिला 550 नगांची ऑर्डर दिली.

वर्तमानपत्रांनी त्या चार महिन्यांचं फार कौतुक केलं. मला त्यात तेवढा रस नाही. चार महिन्यांत एक चांगला नग तयार होतो. तो हुशार कारागीर कानशीने घासूनही जमवतो. लहान कारखान्याची परीक्षा साडेपाचशेव्या नगात असते. त्यासाठी एक जुनी आणि निर्दय चाचणी आहे. दहा बंदुका घ्यायच्या, सगळ्या सुट्या करायच्या, भाग एका सतरंजीवर मिसळायचे आणि हाताला येईल त्या भागांतून पुन्हा दहा जुळवायच्या. कानस लागली की नापास. यंत्रं बनवणारी कंपनी इथे बहुधा तरते, कारण मापात राहणं हा तिचा रोजचा धंदाच असतो.

ती अडखळू शकते दुसरीकडे: स्प्रिंगमध्ये, पोलादाला दिलेल्या पाण्यात, मॅगझिनमध्ये. आपल्याकडे पंपाची मोटर उत्तम निघावी आणि फूटव्हॉल्व्हने दगा द्यावा, तसंच हे. शस्त्र अडलं की लोक नळीकडे बघतात, मी आधी मॅगझिन काढून बघतो. पत्र्याचे ओठ केसभर उघडले की काडतूस तिरकं चढतं. पुन्हा पुन्हा भरून-रिकामी होऊन स्प्रिंग दमली की ती नेमकी शेवटची गोळी वर यायला उशीर करते. इन्सास रायफल याच पाषाणच्या संस्थेची. 1999मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. कागदावर त्या मॅगझिनचं वजन कमी होतं, एवढंच.

थ्रीडी प्रिंटिंगने काढलेल्या धातूच्या भागाबद्दल मी जरा जास्त संशयी आहे. थरावर थर चढताना आत बारीक पोकळ्या राहू शकतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. चापाशी जोडलेला, आतला भार अडवून धरणारा खटका झिजला की बोट काढल्यावरही शस्त्र थांबत नाही. म्हणून एका नगातून हजारो गोळ्या झाडून तो खटका भिंगाखाली बघायचा, आणि प्रत्येक लॉटमधून कारखान्याने न निवडलेला नग उचलायचा.

मग आपटण्याची चाचणी. सिग सॉअर ही काही लहान कंपनी नव्हे. तिचं पी320 हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने जानेवारी 2017मध्ये निवडलं. त्याच वर्षी त्याच्या बाजारात मिळणाऱ्या आवृत्तीत दोष सापडला: विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडलं तर चाप न ओढताही गोळी सुटते. ऑगस्टमध्ये कंपनीला फुकट सुधारणा जाहीर करावी लागली. सरळ पाडून बघितलं होतं. तिरकं पडेल हे धरलं नव्हतं. सैनिकाच्या हातून काही काटकोनात पडत नाही!

आता पैशांचं. 2021मध्ये अस्मीचा उत्पादन खर्च नगामागे 50 हजारांच्या आत सांगितला गेला. 2024ची ऑर्डर 4.26 कोटींची, म्हणजे नगाला साधारण 77 हजार. यावर ओरड करायचं कारण नाही. बनवायचा खर्च आणि विकायची किंमत यांत कर येतो, नफा येतो, आणि पाचशे नगांसाठी केलेल्या साच्यांचा बोजाही येतो. पाच लाख नग असते तर तो कुणाला जाणवलाही नसता. मी खरेदीच्या टेबलाशी असतो तर घासाघीस किमतीवर केली नसती. प्रत्येक नगामागे दोन जादा मॅगझिन, स्प्रिंगांचा एक संच आणि दहा वर्षं सुटे भाग पुरवण्याची हमी, एवढं करारात लिहून घेतलं असतं, आणि त्यासाठी नगामागे चार पैसे जास्त द्यायला सही केली असती.