आरोग्यसेवकाचे अखंड शिक्षण

आरोग्यसेवेचा विचार करताना सामान्यतः रुग्णालये, औषधे आणि डॉक्टर यांचीच मोजदाद केली जाते. घराच्या उंबरठ्यापर्यंत जाणारा आरोग्यसेवक या मोजदादीत अखेरीस येतो आणि त्याच्या शिक्षणाचा प्रश्न त्याहूनही मागे पडतो. बंगळूर येथील दोन राष्ट्रीय संस्थांचे अनुभव या क्रमाचा फेरविचार करावयास लावणारे आहेत.

राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ साली स्थापन झाली आणि पुढील वर्षी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. खेड्यातील माणूस अज्ञानामुळे क्षयाच्या लक्षणांकडे दुर्लक्ष करतो, असा तेव्हा सर्वत्र समज होता. संस्थेतील समाजशास्त्रज्ञ डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात या समजाची पारख केली. त्यांचे निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक सर्व रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक उपचारासाठी दवाखान्याची पायरी चढलेही होते. तेथून पुष्कळजण केवळ खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. रोगी दारापर्यंत आला होता. त्याला ओळखण्याची तयारी मात्र दारापाशी बसलेल्या माणसांना कोणी दिलेली नव्हती.

या निष्कर्षाचा परिणाम दूरगामी झाला. १९६२ साली आकारास आलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात जिल्हा हा घटक मानण्यात आला. स्वतंत्र क्षयरुग्णालये उभारीत बसण्याऐवजी सामान्य दवाखान्यांतच खोकल्याच्या रुग्णाची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, असे ठरले. त्यासाठी जिल्ह्यातील वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ आणि उपचार संघटक यांना बंगळूर येथे पथक म्हणून एकत्र शिकविले जाई. यामागील हेतू स्पष्ट होता. थुंकीचा नमुना नीट घेतला गेला नाही तर तंत्रज्ञाचे कौशल्य वाया जाते. आणि औषध मध्येच सोडणाऱ्या रोग्याचा शोध कोणी घेतला नाही तर डॉक्टरचे निदानही वाया जाते. एकमेकांची कामे परस्परांना ठाऊक असणे हा त्या अभ्यासक्रमाचाच भाग होता.

तथापि, एकदा शिकविले म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही. क्षयाचाच दाखला घ्यावा. पूर्वी उपचार बारा ते अठरा महिने चालत. १९९७ सालच्या सुधारित कार्यक्रमात आठवड्यातून तीन वेळा, कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत औषध देण्याची पद्धत आली आणि मुदत सहा ते आठ महिन्यांवर आली. २०१७ पासून रोज औषध देण्याची पद्धत देशभर लागू करण्यात आली. एकाच आरोग्यसेविकेच्या नोकरीच्या काळात असे बदल घडतात. तिला ते वेळेवर शिकविले गेले नाहीत, तर जुन्या ज्ञानाने प्रामाणिकपणे केलेले कामही रोग्याला घातक ठरू शकते.

दुसरी संस्था राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स. १९७४ साली तिची स्थापना झाली आणि त्यानंतर तिच्या सामुदायिक मनोविकार विभागाने शहराजवळील सकलवारा या गावी ग्रामीण केंद्र सुरू केले. देशातील मनोविकारतज्ज्ञांची संख्या इतकी तुटपुंजी होती की, खेड्यातील रोग्यापर्यंत ते कधी पोहोचतील हा प्रश्न विचारणेही व्यर्थ होते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि कर्मचारी यांना तीव्र मनोविकार व अपस्मार ओळखण्याचे, औषधे चालू ठेवण्याचे आणि कुटुंबाला धीर देण्याचे शिक्षण देण्यात आले. ज्याला घरचे लोक बाधा झाली म्हणून देवऋषाकडे नेतात, त्याच्या आईशी बोलावे कसे, हाही त्या शिक्षणातला महत्त्वाचा धडा होता.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाल्यावर हा प्रयोग १९८५ ते १९९० या काळात बळ्ळारी जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर करण्यात आला. तेथे प्रशिक्षणाच्या जोडीला औषधांचा पुरवठा, सोप्या नोंदी आणि नियमित देखरेख यांचीही व्यवस्था होती. १९९६ पासून सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला याच अनुभवाने पाया पुरविला. यातून निघणारा बोध साधा आहे : औषधाची पेटी रिकामी असेल आणि चुकलेले सुधारावयास कोणी येणार नसेल, तर वर्गात शिकविलेले फार दिवस टिकत नाही.

हाच बोध १९७७ साली सुरू झालेल्या सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजनेच्या बाबतीतही लागू पडतो. कार्यकर्त्याला तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन मिळे; परंतु त्यानंतरच्या शिक्षणाची तरतूद दुबळी राहिली आणि योजना कालांतराने क्षीण झाली. याउलट जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात ज्या स्त्रियांना निवडण्यात आले, त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या दर आठवड्याला केंद्रावर जमत, गावात काय आढळले ते सांगत आणि त्यातूनच पुढचा पाठ शिकत. त्यांचे शिक्षण कधी समाप्त झाल्याचे जाहीर करण्यात आले नाही. म्हणूनच ते वर्षानुवर्षे वाढत गेले.

२००५ सालापासून आलेल्या आशा कार्यकर्तीसाठी आरंभी २३ दिवसांचे, टप्प्याटप्प्याने द्यावयाचे प्रशिक्षण ठरविण्यात आले आणि पुढे नवे पाठ्यभाग जोडले गेले. अलीकडे निम्हान्सने दूरदृश्य यंत्रणेद्वारे दूरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकविण्यास आरंभ केला आहे. कार्यकर्ता आपल्यापुढील रुग्णाची हकीकत मांडतो आणि तज्ज्ञांसह इतर सहकारी तिच्यावर चर्चा करतात. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली यकृतदाहाच्या रुग्णांसाठी आरंभिलेल्या उपक्रमाची ही पद्धत आहे. प्रवास वाचतो, हा तिचा मोठा लाभ. परंतु पडद्यावर पाहून बाळाचे वजन अचूक करता येत नाही, त्यासाठी शेजारी उभे राहून हात धरणारा माणूस लागतोच.

यापुढे प्रशिक्षणाचे मूल्यमापन किती वर्ग भरले यावरून होता कामा नये. शिकण्यास गेलेल्या कार्यकर्तीचा दिवसाचा रोजगार बुडतो काय, तिच्या शंकेला कोणी उत्तर देते काय आणि वर्षभरानंतर तिच्या गावातील खोकणारा माणूस योग्य ठिकाणी पोहोचतो काय, हे पाहिले पाहिजे. तुमकूरच्या त्या रोग्यांनी आपल्या वाट्याचे काम केले होते. उरलेले काम शिकविणाऱ्यांचे आहे.